पवनचक्की कुणाच्या मालकीची?

आमच्या घरी वॉशिंग मशीन कधी लावायचं हे वाऱ्यावर ठरतं. डेन्मार्कमध्ये उद्याचे विजेचे भाव आज दुपारी एकच्या सुमारास जाहीर होतात. ते मोबाईलवर बघायचे आणि कपडे, भांडी, गाडीचं चार्जिंग जमेल तसं स्वस्त वेळेवर ढकलायचं. संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात वहन आकारही चढा असतो, त्यामुळे त्या वेळेत आम्ही फक्त स्वयंपाक करतो. वारा जोरात सुटला की घाऊक बाजारातला भाव कधीकधी शून्याच्याही खाली जातो. पण म्हणून बिल फुकट येतं असं समजू नका. कर आणि वहन आकार मिळून 2025 पर्यंत इथली घरगुती वीज युरोपातल्या महाग विजेत मोडायची.

क्षेत्रफळात हा देश आपल्या मराठवाड्याच्या दोन तृतीयांश भरेल. लोकसंख्या साधारण 60 लाख. आज इथल्या विजेच्या वापरात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या वाऱ्याचा आहे. तो 1990 मध्ये दोन टक्क्यांच्या आसपास होता, 2000 मध्ये बारा, 2010 मध्ये वीसच्या थोडा वर आणि 2015 मध्ये 42 टक्के. सूर्य आणि जैवइंधन धरलं तर देशात तयार होणाऱ्या विजेपैकी 80 टक्क्यांहून जास्त वीज अपारंपरिक ठरते. त्यातल्या जैवइंधनात बाहेरून आणलेलं लाकूडही जळतं, आणि त्याला हिरवं म्हणावं का यावर इथंही भांडण चालू आहे.

एवढं वाचून गावाकडचा कुणीही म्हणेल, 'त्यांच्याकडं वारा आहे, समुद्र आहे, पैसा आहे.' वारा आहेच. पण 1973 च्या तेलसंकटात हाच देश पार आडवा झाला होता. देशाच्या ऊर्जेतला 90 टक्क्यांच्या आसपास भाग आयात तेलावर चालायचा. रविवारी गाड्या चालवायला बंदी घालावी लागली. त्यावर त्यांनी पहिला उपाय काय केला, तर वीजकेंद्रं तेलावरून कोळशावर नेली, म्हणजे एका आयातीवरून दुसऱ्या आयातीवर. अणुवीज घ्यावी की नाही यावर दहाएक वर्षं वाद झाला आणि 1985 मध्ये संसदेनं तिला नकार दिला.

कोळशाचं निघालं म्हणून सांगतो. परळीच्या औष्णिक केंद्राची चिमणी आणि राख बघितलेल्या माणसाला कोळसा म्हटलं की आधी पाणी आठवतं. 2013 ला आणि पुन्हा 2015 ला पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पवनचक्कीला पाणी लागत नाही. डेन्मार्कला या गोष्टीचं काही विशेष नाही, त्यांची केंद्रं समुद्रकाठी आहेत. विशेष वाटायला हवं ते आपल्याला.

इथल्या पवनचक्कीचा इतिहास मोठ्या कंपन्यांपासून सुरू होत नाही. पॉल ला कूर नावाच्या शिक्षकानं 1891 मध्ये आस्कोव्ह या खेड्यातल्या शाळेत वाऱ्यावर वीज तयार केली आणि पुढं खेड्यापाड्यांतल्या पोरांना विजेचं काम शिकवलं. सत्तरच्या दशकात पुन्हा खटपट सुरू झाली ती सुतार, लोहार, शिक्षक यांच्याकडून. आज जगभर नाव असलेली वेस्टास ही कंपनी एका लोहाराच्या भात्यापासून वाढत आली. आधी शेतीची अवजारं आणि क्रेन बनवायची, 1979 मध्ये पहिली पवनचक्की विकली.

सरकारनं त्याच वर्षी पवनचक्कीच्या खर्चाला 30 टक्के अनुदान दिलं. अट एकच: रिसो इथल्या चाचणी केंद्रात पास झालेलं यंत्र असेल तरच पैसे. त्यामुळे कुणीही पत्रा वाकवून अनुदान लाटू शकला नाही. दहा वर्षांत ते अनुदान हळूहळू कमी करत बंदही केलं. तोवर वीज कंपन्यांनी पवनचक्कीची वीज ग्राहकदराच्या 85 टक्क्यांनी घ्यायची हा रिवाज पडला होता, पुढं त्याचा कायदा झाला.

आणि मग हिस्सा. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या गावानं ऐंशीच्या दशकात मिळून एक पवनचक्की उभी केली होती. एक हिस्सा म्हणजे वर्षाला 1000 युनिट. घरात वीज किती लागते त्या हिशेबानं हिस्से घ्यायचे, आणि घेणारा त्याच भागातला रहिवासी हवा, बाहेरच्याला मज्जाव. आपल्याकडं साखर कारखान्याचा सभासद असतो, तसलं प्रकरण. (सभासद झाल्यावर पुढं काय काय होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला मी सांगायला नको.) हे शेजारचे आजोबा म्हणाले, पातं थांबलेलं दिसलं की सकाळी दूध आणायला निघालेला माणूससुद्धा फोन करायचा, 'का थांबलंय?'

2000 च्या सुमारास लाखाहून जास्त डॅनिश कुटुंबांचे असे हिस्से होते. कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर त्याच वर्षी मिडलग्रुंडेनच्या 20 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्या साडेआठ हजारांहून जास्त सभासदांच्या सहकारी संस्थेच्या, निम्म्या शहराच्या वीज कंपनीच्या.

पुढं गाडी अडली. सरकार बदललं, धोरण बदललं, आणि 2004 ते 2008 या काळात जमिनीवर नवीन पवनचक्क्या जवळजवळ आल्याच नाहीत. यंत्रंही मोठी आणि महाग झाली. गावाच्या हातातून ती कंपन्यांकडं गेली, आणि मग तीच माणसं आवाज, सावली, घराची किंमत यावर तक्रारी करू लागली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला कळीचा भाग हाच आहे. पातं तेच, आवाजही तोच. हिस्सा गेला तशी सहनशक्तीही गेली. सरकारलाही ते कळलं असावं, कारण नव्या कायद्यानं 2009 पासून प्रकल्पाचा 20 टक्के हिस्सा आधी साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांपुढं ठेवणं बंधनकारक झालं, शिवाय घराची किंमत पडली तर भरपाई. 2020 मध्ये हिस्स्याची ही अट गेली आणि शेजाऱ्यांना दरवर्षी करमुक्त रक्कम देण्याची पद्धत आली.

सगळंच सुरळीत आहे असंही नाही. डिसेंबर 2024 मध्ये उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठीच्या मोठ्या लिलावाला एकही बोली आली नाही. वारा पडला की हा देश नॉर्वेच्या जलविद्युतेवर, स्वीडनवर, जर्मनीवर टेकतो. समुद्राखालच्या तारा नसत्या तर निम्म्या वाऱ्याची ही कथा झालीच नसती.

आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना साम्सो बेटावर नेलं. चारेक हजार वस्तीचं बेट, बोटीनं तासाभराचं. जमिनीवर 11 पवनचक्क्या, त्यातल्या नऊ तिथल्या शेतकऱ्यांच्या. समुद्रातल्या दहापैकी पाच नगरपालिकेच्या. गावं गरम ठेवायला गव्हाचं काड जाळतात, त्याच्या गंजी बघून आई म्हणाली, 'आपण तुराट्या जाळतो तसंच की.' बाबा मात्र शेतकऱ्यांच्या पवनचक्कीखाली बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी थेट भूमला माझ्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, व्हिडिओ कॉल लावला.

तात्यांच्या रानाशेजारच्या माळावर कंपनीच्या पवनचक्क्या आहेत. पाती वाहून नेणाऱ्या गाड्यांसाठी बांध फुटले, तारा कुणाच्या रानातून जाणार आणि मावेजा किती यावर भावकीत बोलणं बंद झालं. तात्यांनी स्वतः कित्येक हिवाळे रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी दिलं, बॅटरी आणि काठी घेऊन. समोर माळावर लाल दिवे लुकलुकायचे आणि इकडं डीपी जळालेली.

तात्यांनी पहिला प्रश्न केला, 'तिथं एका पवनचक्कीचं भाडं किती देतात रं?' बाबा म्हणाले, 'भाडं कुठलं, ही त्या शेतकऱ्याचीच हाय.' पलीकडं जरा शांतता. मग, 'अन् कर्ज?' कर्ज त्यानंच काढलं, बँकेनं दिलं, कारण वीज कोणत्या दरानं घेतली जाणार हे आधीच ठरलेलं होतं. हे मी सांगितलं. तात्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

आता सौर कृषी वाहिनीचं काम त्यांच्या फीडरवर येणार म्हणतात, दिवसा लाईट मिळेल. सौर प्रकल्पाला जागा हवी म्हणून एक दलाल दोनदा येऊन गेलाय. तात्यांनी त्याला सांगितलंय की भाड्याचं नंतर बघू, आधी युनिटमागं काय देता ते कागदावर लिहून आण.