वळचण नसलेलं घर

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर छत्री उघडायची नसते, हे माझी छत्री उलटी झाल्यावर कळलं. स्टॉर्नोवेहून आलेली बस आर्नॉल गावात मला उतरवून गेली तेव्हा पाऊस अक्षरशः आडवा येत होता. आदल्या दिवशी रविवार. बेटावर तो कडक पाळतात, त्यामुळे जवळजवळ सगळंच बंद. म्हणून ही सोमवारची वारी.

४२ नंबरचं ब्लॅकहाउस, म्हणजे इथलं जुन्या पद्धतीचं दगडी, गवताने शाकारलेलं घर, लांबून घर वाटतच नाही. दगडी गडग्यावर गवताची गंजी रचावी, वर जाळं टाकावं आणि ते उडू नये म्हणून कडेला धोंडे लटकवावेत, असं काहीसं दिसतं. सवयीने मी भिंतीला चिकटून वळचण शोधू लागले. वळचण नव्हतीच! छप्पर भिंतीच्या आतल्या कडेवरच टेकतं. बाहेरच्या बाजूला भिंतीचा रुंद माथा उघडा, त्यावर चक्क गवत उगवलेलं.

मग छपराचं पाणी जातं कुठे? भिंतीत. ही भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, दगडावर नुसता दगड ठेवलेल्या, मधे माती ठासलेली. पाणी त्या मातीत मुरतं, आणि ओली माती फटी बुजवून वारा अडवते. वळचण ठेवली असती तर अटलांटिकच्या वाऱ्याला छप्पर उचलायला आयतीच पकड मिळाली असती. कोपरेही गोल, त्याच कारणाने. बेटावर झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे जुन्या घरांच्या छपरांना समुद्रातून वाहून आलेलं लाकूडही चालायचं.

आत अंधार. जमिनीच्या मधोमध पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचा, विस्तव. धुराडं नाही, धूर गवतातून वाट काढतो. उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, बाकावर बसलं की बरं वाटतं. काजळीने माखलेलं जुनं गवत पुढे शेतात खत म्हणून जाई. त्याच छपराखाली पलीकडे गोठा. आता तो स्वच्छ, कोरडा आणि वासरहित; संरक्षित वास्तूचं हे एवढं मला खटकलं. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथे माणसं राहत होती.

समोरच ३९ नंबरचं 'व्हाइट हाउस' आहे, धुराडं असलेलं. अशी घरं आली तेव्हाच जुन्यांना 'काळी' म्हणायला लागले म्हणे.

परतीच्या बसला पाऊण तास होता. मी पुन्हा त्या गोल कोपऱ्याशी जाऊन उभी राहिले. पाऊस लागत होता, वारा मात्र नाही.