जॉर्ज टाउनचा आठवडा आणि पेनांग हिलची उतरण

पेनांग बेटावरचे जॉर्ज टाउन शहर दीड दिवसात पाहून होते, उरलेला आठवडा समुद्रकिनाऱ्यावर काढावा आणि पेनांग हिलवर पायी जाणे म्हणजे सकाळचा फेरफटका आहे, असे तीन सल्ले घेऊन मी आणि माझा धाकटा भाऊ मलेशियाला गेलो. तिन्ही सल्ले चुकीचे निघाले. पहिल्या दोनांमुळे फक्त नियोजन बिघडले, तिसऱ्याने गुडघे बिघडवले.

टेकडीपासूनच सुरुवात करतो. आम्ही तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तयार होऊन बसलो, कारण ऊन चढण्याआधी वर पोहोचायचे होते. परंतु मलेशियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असले तरी हे बेट देशाच्या पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे तिथे सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास उगवतो, ही साधी गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. तासभर अंधारात हॉटेलच्या पायरीवर बसून काढला. चढाईचा रस्ता 1884 साली वसवलेल्या वनस्पती उद्यानाच्या दारापासून निघतो. तिथल्या माकडांना पिशवीची चेन उघडता येते, म्हणून खाण्याचे सामान सॅकच्या तळाशी ठेवावे.

हा रस्ता जीपसाठी बांधलेला असून सुमारे पाच किलोमीटरचा आहे. टेकडीवर जाणाऱ्या रेल्वेचे वरचे स्थानक समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एकूण चढ सिंहगडाच्या पायवाटेहून फार वेगळा नाही, आणि नेमक्या याच हिशेबाने आम्ही फसलो. सिंहगडावर दगड असतात, पायऱ्या असतात, मध्येच पाऊल आडवे टाकता येते. इथे सलग गुळगुळीत उतार आहे, ज्यावर घोटा तासन्‌तास एकाच कोनात वाकलेला राहतो, आणि हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही. एका वळणावर डोंगरातून झिरपणारे पाणी रस्त्यावर पसरले होते व त्याच्या कडेला बोटभर रुंदीची हिरवी शेवाळी रेघ होती. भावाचा पाय नेमका तिच्यावर पडला आणि तो दोन्ही तळहातांवर आला. तरीही चढणे जमते. ज्याला गडांची सवय आहे त्याने दोन लिटर पाणी व पकड असलेले बूट घेऊन जरूर चढावे, वर पोहोचल्यावर विलक्षण बरे वाटते. माथ्यावर मुरुगनचे मंदिर आणि मशीद एकमेकांच्या शेजारी आहेत व खाली सगळे शहर, खाडी आणि पलीकडचा मुख्य भूभाग दिसतो.

चूक तिथून पुढे झाली. त्या दिवशी सुट्टी असल्याने खाली जाणाऱ्या रेल्वेसाठी प्रचंड रांग होती, आणि उतरणे तर सोपेच, असे म्हणून आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. माझे मत स्पष्ट आहे: हा रस्ता उतरू नये. दोन तास प्रत्येक पावलाला गुडघ्याचा ब्रेक लावावा लागतो, आणि शेवटच्या किलोमीटरला मी पाठमोरा चालत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. रांग कितीही लांब असली तरी थांबा आणि रेल्वेनेच खाली या. मात्र रेल्वे उद्यानापाशी न उतरवता एअर इताम या उपनगराच्या बाजूला उतरवते. तिथून शहरात 204 क्रमांकाची बस येते. आम्ही गेलो तेव्हा परदेशी प्रौढाचे जाण्या-येण्याचे तिकीट 30 रिंगिट होते आणि रांग टाळणारे तिकीट 80 रिंगिट. हे दुसरे तिकीट मला चढताना उधळपट्टी वाटत होते, उतरताना वाटेनासे झाले.

यानंतरचे दोन दिवस शहर पाहण्याचे होते, आणि जॉर्ज टाउन दुखऱ्या गुडघ्यांचे शहर नाही. जुन्या दुकान-घरांच्या पुढे छपराखालून जाणारी वाट असते, तिला काकी लीमा म्हणजे पाच फुटी वाट म्हणतात. ती सावलीची आहे, पण प्रत्येक मालकाने आपल्या दारापुढचा भाग आपल्या मर्जीने उंच-खोल बांधला आहे, त्यामुळे दर पाचव्या पावलाला एक पायरी येते आणि दर दहाव्या पावलाला आडवी लावलेली मोटरसायकल, जिच्यासाठी रस्त्यावर उतरून पुन्हा चढावे लागते. याच हालांपायी आम्ही तीन चाकी सायकल-रिक्षा केली, जिला तिथे बेचा म्हणतात. तासाला 40 ठरले होते. उतरताना चालकाने 80 मागितले, कारण दर माणशी होता, असे त्याचे म्हणणे. फार वाद न घालता मी पैसे दिले, आणि संध्याकाळभर त्याच विषयावर बोलत राहिलो. बसण्यापूर्वी दोन बोटे दाखवून दोघांचे मिळून किती, हे विचारून घ्यावे आणि आकडा फोनवर लिहून दाखवावा. अंतर मोठे असेल तर ग्रॅब या ॲपवरून गाडी बोलवावी, भाडे आधीच दिसते.

हॉटेलात मात्र भांडण माझेच चुकले. खोलीमागे प्रत्येक रात्रीला परदेशी पाहुण्याकडून 10 रिंगिट पर्यटन कर घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो आगाऊ आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो. तो सरकारी आहे, काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवू नये. आगमनाचा डिजिटल अर्ज मात्र पूर्ण फुकट आहे आणि तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. पैसे मागणारी संकेतस्थळे बनावट समजावीत. भावाने अशाच एका ठिकाणी पैसे भरले होते. भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत डिसेंबर 2023 पासून असून 2026 च्या अखेरपर्यंत जाहीर झालेली आहे.

आता दीड दिवसाच्या सल्ल्याविषयी. 2008 साली मलाक्क्यासह जागतिक वारसा ठरलेला हा भाग नकाशावर चिमुकला दिसतो, पण तो पाहायला किमान तीन सकाळी लागतात, कारण अकरानंतर चालणे असह्य होते. एका सकाळी फक्त जुना पिट स्ट्रीट, आताचा मशीद कपितान केलिंग मार्ग, आणि त्याची आजूबाजू ठेवावी. तिथे सेंट जॉर्जचे चर्च, करुणादेवीचे चिनी मंदिर, 1833 चे महामारिअम्मन मंदिर आणि दक्षिण भारतीय मुसलमानांनी उभारलेली मशीद, हे सारे दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत येते. मारिअम्मन मंदिराच्या दारात एक चिनी आजी जाईचा हार निवडत होती. हारवाल्याशी ती तमिळच्या दोन शब्दांत आणि उरलेल्या मलायमध्ये भाव करत होती आणि हार मिळाल्यावर चपला काढून आत गेली. शुक्रवारी दुपारी मशीद पाहायला जाऊ नये, नमाजाची गर्दी असते.

दुसरी सकाळ खू कोंगसीसाठी. या कुलमंदिराची आधीची वास्तू 1901 मध्ये जळाली. छप्पर राजवाड्यासारखे केल्यामुळे देव कोपले, असे लोक मानतात. आजची 1906 ची आहे आणि ती "साधी" केलेली असूनही छतावरच्या कोरीव मूर्ती मोजता येत नाहीत. केक लोक सी हे डोंगरउतारावरचे बौद्ध मंदिर एअर इतामलाच असल्याने ते रेल्वेच्या दिवसाला जोडावे. त्याच्या 1930 साली पूर्ण झालेल्या मनोऱ्याचा पाया चिनी, मधला भाग थाई आणि कळस बर्मी आहे. बातू फेरिंगीच्या किनाऱ्यावर दोन दिवस छान गेले. फेरिंगी म्हणजे आपला फिरंगीच. याहून अधिक लिहिण्यासारखे तिथे काही घडले नाही.

शाकाहारींनी "भाजी आहे का" असे विचारू नये, कारण भाजीतही बलाचान नावाची कोळंबीची आंबवलेली चटणी असते. चिनी टपरीवर "च्याक छाय" म्हणावे, तो होक्कियन या चिनी बोलीतला शाकाहाराचा शब्द आहे आणि लगेच समजतो.

शहरात शिरावे ते पलीकडच्या मुख्य भूभागावरच्या बटरवर्थहून फेरीबोटीने. क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत रेल्वेला चार-साडेचार तास लागतात. टेकडी पायी चढायचीच असेल तर ती आमच्यासारखी तिसऱ्या दिवशी न ठेवता शेवटून दुसऱ्या दिवशी ठेवावी, म्हणजे शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीत पाय लांब करून बसता येते.