सोडून गेलेल्यांचा आकडा कुठे मिळेल?

मुलीसाठी कॉलेज बघताना फी, विषय, हॉस्टेल ही माहिती पटापट मिळाली. गाडी अडली एका साध्या प्रश्नावर. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षाला तिथेच असतात?

प्रवेश कार्यालयातल्या बाईंनी आधी माहितीपत्रक दिलं. हिरवळीवर हसणारी मुलं. मग विद्यार्थी-समाधानाचं सर्वेक्षण पुढे केलं, ‘सरासरी उत्तम आहे’ म्हणाल्या. फॉर्म किती जणांनी भरला, ते माहीत नव्हतं. मुळात असा फॉर्म टिकलेली मुलंच भरणार. वैतागून निघून गेलेल्याला कोण विचारतंय? आणि निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ गुण दिला तरी सरासरी ३ च येते. तेवढ्यावरून काय कळणार?

‘मेल करा,’ म्हणाल्या. केला. तो ‘संबंधित विभागाकडे’ गेला आणि त्या विभागाने मला पुन्हा प्रवेश कार्यालयाकडे पाठवलं. बराच पाठपुरावा केल्यावर उत्तर आलं: ‘बहुतेक सर्व विद्यार्थी राहतात.’ अहो, बहुतेक सर्व हा काय आकडा झाला? कोणाची फी आली नाही हे तुम्हाला लगेच कळतं, मग कोण परत आलं नाही हे कसं कळत नाही? अजून आठवलं की डोकं फिरतं. पैशांची अडचण, आजारपण यांमुळेही मुलं सोडतात, मान्य. म्हणून तर कारणंही विचारली होती.

शेवटी मुलीनेच चौकशी केली. कॅम्पस दाखवायला दिलेली मुलं निवडलेली असतात, त्यांना सोडून ती लायब्ररीबाहेरच्या मुलींशी बोलली. मी लांब थांबलो. पालक शेजारी असले की कोणी मोकळं बोलत नाही. ‘इथे आवडतं का?’ विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात. तिने विचारलं, ‘परवा-तेरवा मूड गेला तेव्हा कोणाशी बोललीस?’ एकीचं उत्तर: ‘शाळेतल्या मैत्रिणीशी. इथलं कोणी नाही.’ ती दुसऱ्या वर्षाला होती.

दुसऱ्या एका कॉलेजात कारकुनाने पट उघडून आकडा सांगितला, ढोबळ कारणंही. आकडा काही फार भारी नव्हता. फॉर्म तिथलाच भरला.

हो, आणि समुपदेशक आहे का, एवढंच विचारू नका. भेटीची पहिली वेळ किती दिवसांनी मिळते ते विचारा, तेही विद्यार्थ्यांना. कॉलेज बघायला जायचं तर नेहमीचे तास चालू असतील अशा दिवशी. आणि जमलं तर सुट्टीच्या संध्याकाळी एक चक्कर मारा, कॅम्पसवर कोणी असतं का बघायला.