जनसुनावणीत माझा मुद्दा नोंदला गेला, त्याची गोष्ट

कोळशावरच्या नव्या वीज प्रकल्पाला किंवा जुन्याच्या विस्ताराला पर्यावरण मंजुरी द्यायच्या आधी जनसुनावणी घ्यावी लागते. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेतच तसं आहे. विदर्भात आमच्या गावाजवळच्या वीज केंद्राचा विस्तार ठरला तेव्हा मी त्या सुनावणीत बोललो. त्यात काय काय करावं लागतं हे आधी सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून लिहितोय.

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. त्या दिवसापासून प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी वाचायला ठेवलेला असतो. एका कार्यालयात मला "साहेब नाहीत, उद्या या" हेच ऐकायला मिळालं. शेवटी मी लेखी अर्ज दिला, त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला, आणि अहवाल टेबलावर आला. मराठी सारांशात सगळं आलबेल दिसतं. खरा मजकूर इंग्रजी अहवालात आणि त्याच्या नकाशांत असतो. गावातली कॉलेजात जाणारी दोन पोरं सोबत नेली आणि पानं वाचून काढली.

आम्ही हवेच्या नोंदींवर जास्त वेळ घालवला. पावसाळा सोडून एका हंगामातली मोजणी अहवालासाठी चालते. आमच्याकडे हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो आणि नेमका तोच कापूस वेचणीचा काळ. केंद्राच्या नैऋत्येला आमची गावं. नकाशावर पाहिलं तर त्या बाजूला मोजणीचं एकच ठिकाण होतं, तेही चिमणीपासून बरंच लांब. वाऱ्याच्या दिशेचा आलेख त्याच अहवालात दहाबारा पानं पुढे होता. दोन्ही पानं शेजारी ठेवली की प्रश्न आपोआप तयार होत होता.

दुसरा मुद्दा राखेचा. एक युनिट विजेला साधारण ६००-७०० ग्रॅम कोळसा लागतो. ६६० मेगावॉटचा वीजनिर्मितीचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर दीड कोटीहून जास्त युनिट, म्हणजे दहा हजार टनांच्या आसपास कोळसा. आपल्या कोळशात राख तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. म्हणजे रोज तीन हजार टनांवर राख. सगळी राख वापरात आणायची सक्ती डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत आहे, पण ती जाणार कुठे, कोणत्या रस्त्याने, पावसाळ्यात काय, हे विचारायलाच हवं होतं. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला होता आणि राख शेतात, नदीत गेली होती, हे आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही.

मंडपात मोठी गर्दी होती. आधी बोलले ते नोकरीवर. ज्यांच्या जमिनी पहिल्या संचांना गेल्या त्यांच्या घरातली मुलं आज कंत्राटदाराकडे रोजंदारी करतात. शेजारचे एक काका मला म्हणाले, "तुम्ही विरोध करता भाऊ, पण माझ्या नातवाला काम कोण देणार?" मी त्यांना सांगितलं, "काका, नोकरीची मागणी माझीही आहे. पण हवा मोजायलाच कुणी नाही, तर नातवाच्या खोकल्याचं उत्तर कोण देणार?" मला आजही वाटतं की या दोन मागण्यांना एकमेकींसमोर उभं करणं हाच आमच्यावरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे. त्याच सकाळी एका बाईंनी पदराला बांधून आणलेलं कापसाचं बोंड मंचावर ठेवलं. बोट फिरवलं की बोटावर करडा थर येत होता.

बोलायला मिनिटं मोजकीच मिळतात. म्हणून मुद्दे लेखी नेले होते, पान क्रमांकासकट, दोन प्रतींत. एकीवर पोचपावती घेतली. सुनावणीत मतदान नसतं, टाळ्यांचीही नोंद होत नाही. जे इतिवृत्तात येतं त्याचं उत्तर प्रकल्पवाल्यांना अंतिम अहवालात द्यावं लागतं. सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं, तोवर निम्मा मंडप रिकामा झालेला. आम्ही थांबलो. माझा मुद्दा "हवा प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली" एवढाच वाचला गेला. मी उभा राहून नैऋत्येकडच्या गावांचा आणि मोजणीच्या जागेचा उल्लेख घालायला लावला, आणि दुरुस्ती झाल्यावरच सह्या झाल्या.

अंतिम अहवालात आमच्या बाजूला मोजणीची आणखी एक जागा आली. राखेच्या वाहतुकीवरचं उत्तर मात्र मोघम आहे, "नियमांनुसार करण्यात येईल" एवढंच. मंजुरीच्या अटी पाळल्या का, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागायचा अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह आम्ही तयार ठेवला आहे.