तांजिरोच्या हाओरीला काळा रंग शेवटी

सुट्टी लागली की माझ्या चित्रकलेच्या वर्गात एकच धोशा सुरू होतो, "बाई, ॲनिमे द्या ना रंगवायला!" फळांची परडी, डोंगरामागून उगवणारा सूर्य, सगळं मागे पडलं. आता ॲनिमेतली, म्हणजे जपानी कार्टूनमधली पात्रं: तांजिरो, नेझुको, नारुतो आणि लुफी. धाकट्यांचं अजून पिकाचू-डोरेमॉनवर भागतं. माझी काही तक्रार नाही. कोरा कागद बघितला की ज्यांचा हात उचलत नाही, ती मुलंसुद्धा छापील आकृती समोर आली की मान खाली घालून बसतात. पालक मात्र सारखे विचारतात, कसं छापायचं, कुठले रंग घ्यायचे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी छपाई, कारण बरीचशी पानं तिथेच वाया जातात. इंटरनेटवरचं टिचभर चित्र उचलून ए-फोरवर ताणलं की रेषांना पायऱ्या पडतात. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, पूर्ण ए-फोर छापायचं तर चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलच्या आसपास हवं. पीडीएफ मिळाली तर उत्तम. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलंत तर फाइल आकसते, आणि मग आपण उगाच दुकानदारावर चिडतो.

दुकानातला नेहमीचा कागद ७०-७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) असतो. त्यावर रंगीत पेन्सिलचे दोन-तीन थर दिले की कागद गुळगुळीत होतो, पुढचा रंग धरतच नाही. स्केचपेन तर पार मागे उमटतं. १२० जीएसएम किंवा त्याहून जाड मागा. जलरंग वापरणार असाल तर लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या, त्यातला टोनर, म्हणजे भुकटीची शाई, पाण्याने हलत नाही. घरच्या इंकजेटची शाई बहुतेक वेळा पसरते. अल्कोहोल मार्करचं नेमकं उलटं, तो टोनरच विरघळवतो आणि मार्करचं टोक काळं होऊन बसतं. कोपऱ्यात एक रेघ मारून बघायची, तेवढं पुरतं.

आता रंगवण्याकडे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांची इथे गंमत होते. वस्तुचित्रासाठी आम्हीच त्यांच्याकडून घोटून घेतलेलं असतं की उजेडाकडून सावलीकडे हळूहळू जायचं, मध्ये कुठे कडा दिसता कामा नये. तेच शेडिंग नेझुकोच्या गालावर केलं की चेहरा काजळी लागल्यासारखा मळकट दिसतो. ॲनिमेत सावलीला कडा असते. एक मूळ रंग, एक सावलीचा रंग, मध्ये स्पष्ट हद्द. हा प्रकार आला सेलमधून. पूर्वी प्रत्येक चित्र पारदर्शक शीटवर, म्हणजेच सेलवर, उतरवत, रेषा पुढच्या बाजूला आणि रंग मागच्या बाजूने भरलेला. एकाच पात्राची हजारो चित्रं अनेक जणांच्या हातून रंगून निघायची. हळूहळू उतरणारी सावली प्रत्येकात तंतोतंत सारखी कशी येणार? पडद्यावर ती थरथरली असती. म्हणून सपाट रंग आणि धारदार सावली. बाकीच्या मालिका संगणकावर गेल्या तरी 'साझाए-सान' ही जपानी मालिका २०१३ पर्यंत सेलवरच रंगत होती.

तेव्हा पेन्सिल हातात घेण्याआधी उजेड कुठून येतोय ते ठरवा. मग सावलीच्या जागा ठरलेल्याच आहेत: कपाळावरच्या बटांखाली, हनुवटीखाली मानेवर, बाहीच्या आत. आधी तिथे फिकट हद्द आखून घ्या. सावलीला काळा रंग अजिबात लावू नका. पीच त्वचेवर थोडा गुलाबीकडे झुकणारा तपकिरी, पांढऱ्या कपड्यांवर फिकट जांभळा. केसांवरची चमक मागाहून आणायची नसते, तो पट्टा कोराच सोडायचा. त्याची खालची-वरची कड नागमोडी ठेवली की झालं.

डोळ्यांवर मात्र वेळ घालवा. बुबुळाचा वरचा भाग गडद, कारण पापणीची सावली तिथे पडते. खाली येताना रंग फिकट होत जातो. इथे हळूहळू उतरवलेली छटा चालते, किंबहुना शोभते. चमकेचा ठिपका कोरा ठेवा. राहिला नाही तर पांढरं जेल पेन आहेच, पण ते अगदी शेवटी, रंग पूर्ण वाळल्यावर.

तांजिरोच्या हाओरीवरच्या, म्हणजे सैल जपानी अंगरख्यावरच्या, हिरव्या-काळ्या चौकड्या हा वर्गातला सर्वांत लाडका आणि सर्वांत जास्त बिघडणारा भाग. मुलं ओळीने एक हिरवा, एक काळा करत जातात. काळ्या पेन्सिलीची भुकटी हाताबरोबर सरकते आणि हिरवा काळपट होतो. आधी सगळे हिरवे चौकोन संपवा, मग हाताखाली एक कोरा कागद घेऊन काळे भरा. पिकाचूलाही हाच नियम: आधी सगळा पिवळा, मग लाल गाल, मग पाठीवरचे दोन तपकिरी पट्टे, कानांची काळी टोकं सगळ्यांत शेवटी. शेपटीचं टोक काळं करू नका. बुंध्याशी तपकिरी असतो, टोक पिवळंच.

अशा चुका मोठी मुलं लगेच पकडतात. डोरेमॉन पिवळा रंगवणाऱ्या एका चिमुरडीला सगळ्यांनी हसून घेतलं, तेव्हा नववीतला दादाच तिच्या बाजूने उभा राहिला. डोरेमॉन मुळात पिवळाच होता, रोबो उंदराने कान कुरतडल्यानंतर निळा झाला. मी तिला एवढंच सांगितलं, मग याला कान काढ. छापलेल्या पानावर ते नव्हते.