दाजींच्या गाडीवरचं सोलर आणि माझा झालेला पोपट

दाजींची ई-लोडर आहे, तीन चाकी, सीटखाली १२ व्होल्टच्या चार लेड ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, १०० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण), म्हणजे ४८ व्होल्टचा सेट. पहाटे मिरजेतनं भाजी भरायची आणि सांगलीत विश्रामबाग, शिवाजी मंडई करत पोचवायची. दुपारी बॅटरीचा काटा खाली यायला लागतो. मार्चमध्ये दाजी म्हणाले, "एवढं ऊन पडतंय, टपावर पॅनेल टाकून बघ की लगा." मी आयटीआय वायरमन केलेला, मग काय, काम आलं माझ्या गळ्यात.

पॅनेल घेतलं ३३० वॅटचं. दोन मीटर बाय एक मीटर, वजन वीस किलोच्या वर, टपावर एकच बसतं. कुपवाडला अँगलची फ्रेम वेल्ड करून घेतली. पॅनेल झालं, आता मधला डबा म्हणजे एमपीपीटी, पॅनेलमधनं जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा कंट्रोलर, दुकानात गेलो, ४८ व्होल्टचा द्या म्हणलं, त्यांनी ४८ व्होल्टचा दिला, खोक्यावर पण तेच छापलेलं. जोडला, लाईट लागली, आणि चार्जिंग शून्य. भर दुपारी बारा वाजता शून्य! दोन दिवस मी वायरी बदलत बसलो, एमसी-फोर कनेक्टर परत क्रिंप केले, काही नाही.

शेवटी ओळखीतल्या एका रिपेअरवाल्याकडं डबा घेऊन गेलो. त्यानं पॅनेलच्या मागचं लेबल फोटोत बघितलं आणि हसायलाच लागला. लोडवर पॅनेल देतंय ३७ व्होल्ट, बॅटरी चार्ज होताना असते ५० च्या वर. "खालच्या पाटातलं पाणी वरच्या वावरात आपोआप जातंय व्हय? मोटर लावायला लागत्या की." तर माझा डबा होता बक, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, मला पायजे होता बूस्ट, चढवणारा. बकवर चालवायचं तर दोन पॅनेल सिरीजला लावून ७४ व्होल्ट करायला लागतात, आणि टपावर जागा एकाचीच. बूस्टमध्ये आत कॉईल असते, मॉस्फेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, चालू असताना कॉईल भरते आणि बंद झाला की पॅनेलच्या व्होल्टेजवर आपला जोर टाकून करंट बॅटरीत ढकलते. उलट दोन पॅनेल सिरीजमध्ये बूस्टला लावली तर बिनलोडचे ९० व्होल्ट सरळ डायोडमधनं बॅटरीवर जाणार, तिथं कंट्रोलच राहत नाही. म्हणजे खोक्यावर ४८ लिहिलंय एवढ्यावर घेऊ नका, चढवतो का उतरवतो ते आधी विचारा.

बूस्ट आला. मी शहाणा, कागद न वाचता आधी पॅनेल जोडलं, बॅटरी नंतर जोडू म्हणलं. टप्प! आणि जळका वास. आधी बॅटरी मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल, हे कागदावर मोठ्या अक्षरात होतं. आउटपुटला बॅटरीच नाही म्हणल्यावर व्होल्टेज वर पळालं आणि कपॅसिटर फुगून गेला. परत तोच रिपेअरवाला, परत तेच हसू, साडेचारशे रुपये. मग पॅनेल तोडता यावं म्हणून मधे डीसी एमसीबी, म्हणजे ब्रेकर, टाकला. सेटिंग पण ७२ व्होल्टच्या गाडीचं होतं, ते ५७.६ वर आणलं, एका बॅटरीला १४.४ धरून. तसंच चाललं असतं तर पाणी उकळून बॅटऱ्या वाळल्या असत्या.

एप्रिलमधल्या दुपारचं माझं रिडिंग: पॅनेलकडनं ३३.४ व्होल्ट ७.४ अँपिअर, बॅटरीकडं ५३.६ व्होल्ट ४.४ अँपिअर. म्हणजे २४७ वॅट आत, २३६ बाहेर. ३३० कुठं गेले? पॅनेल तापलं की व्होल्टेज पडतं, त्यात टपावर ते आडवं. दिवसाला युनिटभर पडतंय, बारा-पंधरा किलोमीटर वाढतात. रात्री घरी प्लग लावायचा लागतोच, फुकटात गाडी पळणार म्हणणाऱ्यांनी हे वाचा.

आता एकच भांडण उरलंय. जेवणाच्या वेळेला दाजी गाडी चिंचेखाली लावतात. पॅनेलच्या एका बाजूला फांदीची सावली पडली तरी बायपास डायोड तेवढा भाग तोडून टाकतो, ३७ चे २४ व्होल्ट होतात, आणि आमचा डबा तिथंच घुटमळत बसतो. मी म्हणलं, दाजी, गाडी उन्हात लावा, तुम्ही सावलीत बसा. तर म्हणतात, "आणि मागची मेथी?" शेवटी मेथीवर ओलं पोतं टाकायचं ठरलंय.