आधी बूड, मग पाय

रविवार, रात्री साडेदहा

आज कर्वे रोडला साखरपुडा होता. जावयांनी नवी गाडी घेतल्यापासून मी तिच्यात पहिल्यांदाच बसले. काळीभोर, लांबलचक आणि पोट जमिनीला टेकेल की काय इतकी बुटकी. बसायला काही वेळ लागला नाही. बसले तरी कुठे म्हणा! डावा पाय बाहेर, उजवा आत, तेवढ्यात गुडघ्यांनी अर्ध्यावर हात टेकले आणि उरलेली मी धप्पकन सीटवर. डोकं वरच्या चौकटीला लागलं ते वेगळंच. गजरा वाचला.

खरी मजा कार्यालयाच्या दारात झाली. व्याही-विहीण, गुलाबपाणी, पेढे, सगळा लवाजमा समोर आणि मी अजून आतच. डावा पाय बाहेर टाकला, तर निऱ्या उजव्या पायाखाली. दाराला धरून उठू म्हटलं, तर दारच माझ्याकडे यायला लागलं. एकदा उठले, बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. रस्ता कडेला गटाराकडे उतरता असतो, म्हणजे डावीकडची सीट होती त्याहून खाली. त्यात गाडी फुटपाथला चिकटवलेली. विहिरीतून काठावर चढायचं, तेही पैठणी नेसून. शेवटी लेकीने दंडाला धरून ओढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सावकाश हं आजी." गेल्या वर्षापर्यंत मी काकू होते.

जेवण छान होतं. मठ्ठा जरा पातळ.

मंगळवार

तो प्रसंग डोक्यातून जात नाही. आमच्याकडे १९९१ साली पांढरी मारुती ८०० आली. तिची चाकं जेमतेम बारा इंची, म्हणजे तीही काही उंच नव्हती. कडेवर लेक, एका हातात डबा, दुसऱ्यात पाण्याची बाटली, अशी मी तिच्यातून उतरायचे. कशी उतरायचे ते आठवत नाही, कारण उतरण्याकडे कधी लक्षच द्यावं लागलं नाही. पुढे १९९९च्या अखेरीला वॅगनआर आली, तेव्हा "रस्त्यावर कपाट उभं केलंय" म्हणून आम्ही दोघंही हसलो होतो. आता टॅक्सी बोलावली की ते कपाटच यावं असं मनात असतं. त्यात सरळ खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं, खाली उतरायचं नाही की वर चढायचं नाही. लांब गाडीला पैसे जास्त, आणि जास्त पैसे मोजून बसायचं मात्र खाली. रिक्षाचं कौतुक तर कुणी करतच नाही. दार नाही, धरायला दांडी आहे, पाय टाकला की आत.

मग वाटलं, गाडीला काय बोल लावायचा? आमच्याच घरात एकेक गोष्ट वर चढत गेली. आईची चूल जमिनीवर होती, माझा ओटा कमरेइतका. पाट गेले, डायनिंग टेबल आलं. मग कमोड. यांच्या कंबरेसाठी पलंग उंच करून घेतला. गेल्या दिवाळीत देवही भिंतीवर चढवले, आता पूजा उभ्यानेच. फरशी पुसायलासुद्धा दांड्याचं फडकं. खाली बसून उठावं असं घरात काही उरलंच नाही. एक जावयांची गाडी तेवढी राहिली.

गुरुवार

फिजिओथेरपीवालीकडे जाऊन आले. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी जायचे, तीच. माझ्या लेकीहून लहान आहे, पण दटावते सासूसारखी. आधी खुर्चीत बसवलं, हात छातीवर घ्यायला लावले आणि तीस सेकंदांत किती वेळा उठता ते मोजलं. माझं वय ६८. या वयाच्या बायकांना ११ वेळा तरी जमायला हवं म्हणाली. माझे ८ झाले, त्यातला आठवा तिने दया म्हणून धरला.

मग गाडीचं शिकवलं. आपण सगळे आधी पाय आत घालतो, तिथेच चुकतं. एका वाकड्या पायावर सगळं अंग तोलत खाली जायचं, तेही पिळवटून. त्याऐवजी पाठ गाडीकडे करायची, पोटऱ्यांना कड लागेपर्यंत मागे सरकायचं, डोकं वाकवून आधी बूड टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी घातली तर गिरकी सोपी होते, मात्र बसल्यावर ती काढून टाकायची. (रेशमी साडीला पिशवी लागत नाही, घसरायला साडीच पुरे.) उतरताना याच्या उलट. दोन्ही पाय बाहेर, बुडाने सीटच्या कडेवर यायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, आणि नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं. अंगाचा भार पावलांवर आल्याशिवाय मांड्यांनी कितीही जोर लावला तरी उठणं होत नाही. सीट गुडघ्यांहून खाली असेल तर जोर आणखी लागतो. हाताने सीट किंवा चौकट रेटायची. दाराला हात लावायचा नाही, ते हलतं.

"आणि गाडी फुटपाथपासून हातभर लांब थांबवायला सांगायची," म्हणाली. हे मला सुचायला हवं होतं.

शिवाय रोज दहा वेळा खुर्चीवरून हात न लावता उठायचं. हे पेपर वाचता वाचता आज मोजत होते. मी सातवर असताना म्हणाले, "नऊ." मुद्दाम.

शनिवार

रात्री लेक-जावयांबरोबर बाहेर जेवायला. पुन्हा तीच काळी गाडी. आज साडी नाही, पंजाबी ड्रेस. बसताना पाठ केली, बूड टेकलं, पाय वळवले. लेक बघतच राहिली, "आई, हे कुठे शिकलीस?" मी उत्तर दिलं नाही.

हॉटेलपाशी म्हटलं, गाडी जरा अलीकडे, सपाट जागी घ्या. जावई लगबगीने उतरले, दार उघडलं, वाकून हात पुढे केला. माणूस फार चांगला आहे. मागे दोन स्कूटरवाले वाट बघत होते.

"हात नको," म्हटलं, "पर्स धरा."

पाय बाहेर, कडेवर सरकले, नाक पुढे. पहिला झोका फुकट गेला. दुसऱ्याला उठले. ओढणी मात्र दारात अडकली, ती त्यांनी सोडवून दिली.